प्रवेशापासून पदवीपर्यंत : शिवाजी विद्यापीठ आणि विद्यार्थी-टिकावाची सहा दशके

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले, तेव्हा विद्यापीठाशी ३४ महाविद्यालये संलग्न होती आणि त्यांत सुमारे १४ हजार विद्यार्थी शिकत होते. पुढील सहा दशकांत संलग्न महाविद्यालयांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली आणि विद्यार्थीसंख्या लाखांच्या घरात पोहोचली. विद्यापीठाचा इतिहास बहुधा याच वाढीच्या अंगाने लिहिला जातो आणि ते योग्यही आहे, कारण ज्या प्रदेशात महाविद्यालय हे प्रामुख्याने जिल्ह्याच्या ठिकाणी दिसत असे, तेथे ते तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावापर्यंत पोहोचले, ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि ग्रामीण, शेतकरी आणि श्रमिक कुटुंबांतील मुलामुलींसाठी काढलेल्या विद्यापीठाच्या कार्याचे मोजमाप प्रवेशाच्या आकड्यापाशी संपत नाही. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या वर्षाला परत आले आणि किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, हे दोन प्रश्न त्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला ‘टिकाव’ आणि दुसऱ्याच्या उत्तराला ‘पदवीपूर्तीचे प्रमाण’ असे म्हणता येईल, आणि मध्येच शिक्षण सुटण्याला मराठीत रूढ असलेला शब्द ‘गळती’ हा आहे. शिवाजी विद्यापीठाचा इतिहास या तीन शब्दांच्या आधारे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका : वसतिगृहांचा वारसा

विद्यार्थी टिकवण्याचा विचार दक्षिण महाराष्ट्रात विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वी साठ वर्षे सुरू झाला होता. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय १८८० पासून उभे होते, परंतु खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहण्याची आणि जेवणाची सोय नसेल, तर महाविद्यालयाचा दरवाजा उघडा असूनही तो आत येऊ शकत नाही, हे राजर्षी शाहू छत्रपतींनी अचूक ओळखले. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले, त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत इत्यादी समाजांची वसतिगृहे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. जागा आणि अनुदान दरबाराने द्यावे आणि व्यवस्थापनाची जबाबदारी त्या त्या समाजातील पुढाऱ्यांनी उचलावी, अशी ही रचना होती. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हटले जाते, ते याच कारणाने. १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद करण्यात आली. एका बाजूला दंड आणि दुसऱ्या बाजूला वसतिगृह, अशा दोन्ही उपायांमागे एकच जाणीव होती : नाव पटावर चढवणे हे पहिले काम आणि ते पटावर राखणे हे दुसरे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ही जाणीव आणखी पुढे नेली. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये संस्थेने साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते देण्यात आले. शाहू छत्रपतींची वसतिगृहे प्रामुख्याने दरबारी अनुदान आणि समाजाची देणगी यांवर उभी होती, तर भाऊरावांच्या वसतिगृहात या दोहोंच्या जोडीला विद्यार्थ्याचे श्रम आले. शेतात, बांधकामावर आणि स्वयंपाकघरात काम करून विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाचा भार अंशतः स्वतः उचलावा, ही ‘कमवा व शिका’ पद्धती १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाच्या रूपाने पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचली. या पद्धतीचे महत्त्व केवळ श्रमप्रतिष्ठेच्या शिकवणुकीत नव्हते. वडिलांकडून पैसे आले नाहीत म्हणून मधल्या वर्षी नाव कमी होण्याचा धोका तिने दूर केला, आणि टिकावाच्या दृष्टीने पाहता हेच तिचे मोठे यश ठरले.

स्थापना आणि पहिली तेरा वर्षे

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना होईपर्यंत या प्रदेशातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती, आणि त्यानंतर १९६२ पर्यंत ती पुण्याच्या अखत्यारीत राहिली. परीक्षेचे केंद्र, निकाल, पात्रता प्रमाणपत्र आणि पदव्युत्तर शिक्षण यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी दूरच्या शहराकडे पाहावे लागत असल्याने, पदवी मिळवलेल्या अनेकांचे पुढचे शिक्षण तेथेच थांबत असे. दक्षिण महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठाची मागणी या अडचणीतून पुढे आली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर दोन वर्षांत ती पूर्ण झाली आणि कोल्हापूर शहराच्या पूर्वेला सागरमाळाच्या ओसाड पठारावर विद्यापीठाचा परिसर आकाराला येऊ लागला.

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार १९६२ ते १९७५ अशी तेरा वर्षे या पदावर राहिले. ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ या साधनग्रंथांचे संपादक असलेल्या या इतिहाससंशोधकाने विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारे कार्यालय, ही कल्पना मान्य केली नाही. पदव्युत्तर विभाग, ग्रंथालय, पाण्याची सोय आणि वृक्षलागवड यांच्या बरोबरीने त्यांच्या कारकिर्दीत परिसरावर ‘कमवा व शिका’ तत्त्वावरील विद्यार्थी भवन उभे राहिले, जे आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. गरीब विद्यार्थ्याने दररोज काही तास विद्यापीठाची कार्यालये, ग्रंथालय, बागा अशा ठिकाणी काम करावे, त्याच्या मोबदल्यातून निवास-भोजनाचा खर्च भागवावा आणि उरलेला वेळ एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या अभ्यासाला द्यावा, अशी या भवनाची व्यवस्था आहे. साताऱ्याच्या वसतिगृहातील परंपरा अशा रीतीने शासकीय कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या व्यवस्थेत आली. डॉ. पवार यांच्यानंतर १९७५ मध्ये कुलगुरुपदी आलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील हे भाऊरावांच्या वसतिगृहातच वाढलेले विद्यार्थी होते. आधाराशिवाय ज्याचे शिक्षण बहुधा अर्ध्यावर थांबले असते, असा विद्यार्थी त्याच प्रदेशाच्या विद्यापीठाचा प्रमुख झाला. टिकावासाठी केलेल्या खर्चाचे समर्थन करण्यास याहून मोठा पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

राज्यशासनाच्या शुल्कसवलतीचा वाटाही येथे नोंदवला पाहिजे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ पासून होती. साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर, यशवंतराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांपर्यंत आहे त्यांच्या पाल्यांना जातीची अट न घालता शुल्कमाफी देण्याचा निर्णय झाला. आर्थिकदृष्ट्या मागासांची ही सवलत ‘ई.बी.सी.’ या आद्याक्षरांनी घराघरांत पोहोचली आणि नव्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील कितीतरी विद्यार्थ्यांची पहिली ओळख ‘ई.बी.सी.चा फॉर्म’ याच कागदाने झाली. शुल्क माफ झाल्याने प्रवेश सुलभ झाला, परंतु खोलीभाडे, खाणावळ, पुस्तके आणि एस.टी.चा पास यांचा खर्च त्या सवलतीत येत नव्हता, आणि पुढील काळातील गळतीची कारणे शोधताना हा फरक वारंवार पुढे येतो.

गळतीची संकल्पना आणि जे. पी. नाईक

भारतीय शिक्षणात गळतीचा पद्धतशीर विचार १९२९ च्या हार्टोग समितीच्या अहवालापासून सुरू झाला. समितीने दोन संज्ञा रूढ केल्या. शिक्षणाचा टप्पा पूर्ण होण्यापूर्वीच मूल शाळेतून काढून घेतले जाणे, ही पहिली संज्ञा ‘अपव्यय’ किंवा गळती, आणि एकाच इयत्तेत एकापेक्षा अधिक वर्षे राहावे लागणे, ही दुसरी संज्ञा ‘स्थगन’. समितीपुढे प्राथमिक शाळा होत्या, पण या दोन्ही संज्ञा पदवीच्या शिक्षणालाही लागू पडतात, कारण महाविद्यालय सोडणाऱ्यांपैकी अनेक जण एकाएकी सोडत नाहीत, तर एकदोन विषयांत अडकून, एक वर्ष वाया घालवून, नंतर हळूहळू दूर होतात. स्थगन ही गळतीची पहिली पायरी ठरते.

या प्रश्नाचा सखोल अभ्यास करणारे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे याच प्रदेशाचे होते. कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडी येथे १९०७ मध्ये त्यांचा जन्म झाला, गारगोटीच्या श्री मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता आणि १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. केवळ प्रवेशसंख्या वाढवून शिक्षणाचा प्रसार होत नाही, तर शिक्षणाची संधी, गुणवत्ता आणि समता या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो, ही त्यांच्या लेखनाची मध्यवर्ती भूमिका होती. शिवाजी विद्यापीठाची पहिली वर्षे आणि कोठारी आयोगाचे कार्य समकालीन असल्यामुळे, खेड्यातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचा विचार एकाच वेळी दिल्लीत धोरणाच्या पातळीवर आणि सागरमाळावर व्यवहाराच्या पातळीवर चालू होता, असे म्हणता येते.

हंगाम, एस.टी. आणि लग्नसराई

कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे ऊस, दूध आणि सहकार यांमुळे तुलनेने संपन्न मानले जातात, पण त्यांच्यात शिराळा, चंदगड, राधानगरी, पाटण, जावळी यांसारखे डोंगराळ, आणि जत, आटपाडी, माण, खटाव यांसारखे अवर्षणप्रवण तालुकेही आहेत. त्यामुळे गळतीची कारणे एका तालुक्यात एक आणि शेजारच्या तालुक्यात दुसरी अशी आढळतात. ऊसपट्ट्यात कारखान्याचा गळीत हंगाम आणि महाविद्यालयाचे सत्र एकमेकांवर येतात, आणि घरच्या शेतावर हात कमी पडले की विद्यार्थ्याची हजेरी घटते. इचलकरंजीचे यंत्रमाग आणि शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींतील कारखाने विद्यार्थ्याला शिक्षण चालू असतानाच मजुरी देऊ करतात, तर सातारा जिल्ह्यातील सैनिकी परंपरेच्या गावांमध्ये सैन्यभरतीत निवड झालेला तरुण पदवीचे वर्ष अर्धवट सोडून जातो. या तिसऱ्या प्रकाराला गळती म्हणावे काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कुटुंबाच्या दृष्टीने ते यश असते, विद्यापीठाच्या नोंदीत मात्र तो विद्यार्थी पदवीपूर्ती न केलेलाच राहतो. त्यामुळे केवळ आकडा पाहून न थांबता शिक्षण सोडण्याचे कारण नोंदवणे आवश्यक ठरते.

मुलींच्या बाबतीत टिकावाचा प्रश्न प्रवासाशी फार जवळून जोडलेला आहे. डोंगराळ तालुक्यातील वाडीवर राहणाऱ्या मुलीला सकाळच्या व्याख्यानासाठी पहिली मुक्कामी एस.टी. पकडावी लागते, आणि प्रात्यक्षिक लांबल्यामुळे दुपारची गाडी चुकली, तर संध्याकाळपर्यंत स्थानकावर थांबावे लागते. अशा दोनतीन प्रसंगांनंतर घरातील वडीलधारी मंडळी ‘शिक्षण पुरे’ असा निर्णय घेतात. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. पदवीच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवताच ही सोय संपते आणि ६६.६७ टक्के सवलतीचा विद्यार्थी पास काढावा लागतो. उरलेली एकतृतीयांश रक्कम संपन्न घराला किरकोळ वाटेल. मात्र दोन भावंडांपैकी कोणाला पुढे शिकवायचे असा प्रश्न ज्या घरात उभा असतो, तेथे निर्णय फिरवण्यास ती पुरेशी ठरते. लग्नसराईनंतर जूनमध्ये पटावरून कमी होणारी नावे मुलींचीच अधिक असतात, हे ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांना सांगावे लागत नाही. मुलींसाठी स्वतंत्र महाविद्यालये, उदाहरणार्थ कोल्हापूरच्या ताराराणी विद्यापीठाचे कमला महाविद्यालय, आणि विद्यापीठ परिसरातील विद्यार्थिनी वसतिगृहे यांचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. सुरक्षित निवासाची खात्री असेल, तर लग्न वर्षभर पुढे ढकलण्यास पालक तयार होतात, आणि त्या एका वर्षात पदवी पदरात पडते.

परीक्षापद्धती आणि रचनेतील बदल

विद्यार्थी टिकतो की नाही, हे जसे घरच्या परिस्थितीवर अवलंबून असते, तसेच विद्यापीठाच्या नियमांवरही असते. आरंभीच्या काळात अकरावीनंतरचा पूर्वपदवी वर्ग विद्यापीठाकडे असल्याने, माध्यमिक शाळेतून आलेला विद्यार्थी थेट विद्यापीठाच्या परीक्षेला सामोरा जात असे आणि इंग्रजीसारख्या विषयात पहिल्याच वर्षी अडत असे. १९७५ च्या सुमारास महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना लागू झाली, अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयांकडे गेली आणि पदवीच्या उंबरठ्यावरची ही पहिली चाळणी विद्यापीठाच्या बाहेर सरकली. त्यामुळे विद्यापीठाच्या वर्गांतील गळतीचा काही भाग दिसेनासा झाला, पण तो नाहीसा झाला नव्हता, तर बारावीच्या निकालात सामावला होता.

वार्षिक परीक्षेच्या काळात विद्यार्थ्याचे भवितव्य मार्च-एप्रिलच्या एका परीक्षेवर ठरत असे. पुढे सत्रपद्धती आली आणि वर्षातून दोन परीक्षा होऊ लागल्या. एका परीक्षेतील अपयश संपूर्ण वर्ष गिळत नाही, हा तिचा फायदा होता, आणि परीक्षा अर्ज, शुल्क आणि अंतर्गत मूल्यमापन यांची धावपळ दुप्पट झाली, हा तोटा. काही विषयांत अनुत्तीर्ण होऊनही पुढच्या वर्गात जाण्याची मुभा, जिला सर्वत्र ‘ए.टी.के.टी.’ म्हणतात, ही स्थगनावरची फुंकर आहे. तिने विद्यार्थ्याला वर्गमित्रांपासून तुटू दिले नाही. मात्र राहिलेले विषय साठत गेले, तर शेवटच्या वर्षाचे सर्व विषय सुटूनही पहिल्या वर्षाच्या एका विषयापायी पदवी अडकते. नोकरीच्या निमित्ताने गाव सोडलेला असा विद्यार्थी एका विषयासाठी परत येत नाही आणि त्याची अपूर्ण गुणपत्रिका तशीच राहते. नियमित वर्गाला बसणे अशक्य असलेल्यांसाठी विद्यापीठाने बहिःस्थ नोंदणीचा आणि नंतर दूरशिक्षणाचा मार्ग उपलब्ध करून दिला. सुटलेली पदवी पुन्हा हाती घेणाऱ्या गृहिणी, शिक्षक आणि कामगार यांच्यासाठी तो मार्ग मोलाचा ठरला आहे.

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर शिवाजी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांपुरते राहिले. २०२१ मध्ये साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांचे कर्मवीर भाऊराव पाटील समूह विद्यापीठ अस्तित्वात आले. कार्यक्षेत्र आटोपशीर झाल्याने प्रत्येक महाविद्यालयाकडे आणि त्यातील प्रत्येक विद्यार्थ्याकडे लक्ष देण्याची शक्यता पूर्वीपेक्षा वाढली आहे.

आपत्तीची तीन वर्षे

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा नद्यांच्या महापुराने कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील शेकडो गावे पाण्याखाली गेली आणि जुलै २०२१ मध्ये त्या संकटाची पुनरावृत्ती झाली. पुरात घर आणि पीक गेलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याची पुस्तके, गुणपत्रिका आणि दाखलेही गेलेले असतात, आणि कागदपत्रांवाचून शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. या दोन पुरांच्या मध्ये करोनाची साथ आली. मार्च २०२० पासून वर्ग बंद झाले आणि शिकवणे मोबाइलवर गेले. अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केल्यावर राज्यातील इतर विद्यापीठांप्रमाणे शिवाजी विद्यापीठानेही त्या परीक्षा घेतल्या. ज्या घरात एकच मोबाइल आणि तीन शिकणारी मुले होती, तेथे कोणाचे शिक्षण मागे पडले, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वर्ग पूर्ववत होत असतानाच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, त्यामुळे ज्यांचे महाविद्यालय एस.टी.वर अवलंबून होते त्यांच्यासाठी टाळेबंदी आणखी काही महिने चालूच राहिली. या काळात परीक्षांचे निकाल उंचावलेले दिसतात. परंतु परीक्षेला न बसलेल्यांची गणना निकालात होत नसल्याने त्या उंचीवरून टिकावाचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

मोजमापाचा प्रश्न

येथे या इतिहासातील सर्वांत मूलभूत मुद्दा येतो. विद्यापीठे आणि महाविद्यालये ज्याला ‘निकाल’ म्हणतात, तो परीक्षेस बसलेल्यांपैकी उत्तीर्ण झालेल्यांचे प्रमाण असतो. समजा, एखाद्या महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला १०० जणांनी प्रवेश घेतला, त्यांपैकी ६० जण तिसऱ्या वर्षाच्या अंतिम परीक्षेला बसले आणि ५१ उत्तीर्ण झाले. महाविद्यालयाच्या फलकावर ‘निकाल ८५ टक्के’ असे लिहिले जाईल आणि ते गणिताने बरोबरही असेल, पण पदवीपूर्तीचे प्रमाण ५१ टक्के असेल आणि वाटेत सुटलेल्या ४० जणांची नोंद त्या फलकावर कोठेही नसेल. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे ‘नॅक’, महाविद्यालयांकडून उत्तीर्णतेची जी टक्केवारी मागते, तीही अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांवरच काढलेली असते. २०१६ पासून जाहीर होणाऱ्या राष्ट्रीय संस्थात्मक मानांकनात मात्र मंजूर प्रवेशक्षमतेच्या तुलनेत किती विद्यार्थी विहित मुदतीत उत्तीर्ण झाले, हे पाहिले जाते आणि हे प्रमाण ८० टक्के असेल तर त्या निकषाचे पूर्ण गुण मिळतात. हा निकष वास्तवाच्या अधिक जवळचा आहे, तरी रिकाम्या राहिलेल्या जागा आणि सुटलेले विद्यार्थी यांत तो भेद करत नाही. केंद्र शासनाच्या अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशाचे स्थूल नोंदणी प्रमाण, म्हणजे १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येशी उच्चशिक्षणातील एकूण नोंदणीचे प्रमाण, २८.४ टक्के होते, पण नोंदणी झालेल्यांपैकी कोणाची पदवी पूर्ण झाली, हे त्या आकड्यातून समजत नाही.

यावरचा उपाय म्हणजे तुकडीनिहाय मोजणी. एका वर्षी प्रवेश घेतलेली संपूर्ण तुकडी एक धरायची आणि तिच्यातील प्रत्येक विद्यार्थी पदवी घेईपर्यंत किंवा संस्था सोडेपर्यंत त्याची नोंद ठेवायची, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानुसार विद्यापीठांना अशी आकडेवारी जाहीर करावी लागते आणि चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांपर्यंतची मुदत धरली जाते. अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठ या सार्वजनिक विद्यापीठाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २००३ मध्ये तेथे जेमतेम तिसरा हिस्सा विद्यार्थी सहा वर्षांत पदवी घेत होते आणि पुढील दीड दशकात हे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेले. प्रवेशाचे निकष कडक करून हे साधलेले नव्हते. विद्यार्थ्याच्या अभ्यासातील घसरणीचे संकेत रोजच्या नोंदींतून टिपून समुपदेशकाने त्याच्याशी वेळीच संपर्क साधणे, आणि थोड्याशा थकीत शुल्कापायी नाव कमी होणार असलेल्या विद्यार्थ्याला २०११ पासून छोटे अनुदान देणे, अशा उपायांनी ते साधले. त्यांतील दुसरा उपाय दक्षिण महाराष्ट्राला अपरिचित नाही. अडलेल्या विद्यार्थ्याला नेमक्या वेळी थोडका आधार देण्याचे तत्त्व कोल्हापूर-साताऱ्याच्या वसतिगृहांनी शतकापूर्वीच आचरणात आणले होते. पहिला उपाय, म्हणजे नोंदींची शिस्त, मात्र अद्याप आत्मसात करायची आहे.

नवे धोरण आणि पुढील कर्तव्य

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने गळतीकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, असे टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याचे व परत येण्याचे मार्ग त्यात आहेत. प्रत्येक विषयाच्या अध्ययनभाराला दिलेले श्रेयांक साठवून ठेवणारी शैक्षणिक श्रेयांक पेढी २०२१ मध्ये सुरू झाली, आणि २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत या धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली. भरतीला गेलेल्या तरुणाला किंवा लग्नानंतर सासरी गेलेल्या मुलीला मिळवलेले श्रेयांक न गमावता परत येता येईल, ही या व्यवस्थेतील आशादायक बाजू आहे. तथापि तिच्यात एक धोकाही आहे. पहिल्या वर्षानंतर घर सोडवत नाही म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्र दिल्याने त्याची गळती ‘निर्गमन’ या सन्माननीय नावाखाली झाकली जाऊ शकते. बाहेर पडलेल्यांपैकी किती जण खरोखर परत आले, हे मोजल्याशिवाय ही तरतूद यशस्वी झाली की नाही, हे ठरवता येणार नाही.

२०२१ मध्ये नॅकने शिवाजी विद्यापीठाला ३.५२ गुणांसह ‘अ++’ श्रेणी दिली. संशोधन, अध्यापन आणि पायाभूत सुविधा यांच्या या गौरवाला साजेसे पुढचे पाऊल म्हणजे विद्यार्थी-टिकावाची स्वतःहून केलेली प्रामाणिक नोंद. विद्यार्थी भवनासारखी व्यवस्था परिसरावरील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आधार देते, पण गळतीचा मोठा भार तालुक्याच्या गावांतील पदवी महाविद्यालयांवर पडतो, आणि म्हणून ‘कमवा व शिका’चे तत्त्व, मुलींची वसतिगृहे आणि तातडीच्या मदतीचा छोटा निधी यांचा विस्तार त्या महाविद्यालयांपर्यंत होणे आवश्यक आहे. प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी निकालाच्या फलकाशेजारी तीन आकडे लावावेत : तीन वर्षांपूर्वी किती जणांनी प्रवेश घेतला, त्यांपैकी किती जणांनी मुदतीत पदवी पूर्ण केली, आणि उरलेल्यांनी कोणत्या कारणांनी शिक्षण सोडले. यासाठी मोठ्या खर्चाची किंवा नव्या कायद्याची गरज नाही. पटावरची नोंद आणि प्राध्यापकांनी विद्यार्थ्याच्या घरी केलेली एक चौकशी एवढे पुरेसे आहे. खेड्यातील विद्यार्थ्याला प्रवेश मिळवून देण्याचे काम दक्षिण महाराष्ट्राने विसाव्या शतकात निष्ठेने केले आहे. प्रवेश घेतलेला प्रत्येक विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचेल याची जबाबदारी प्राचार्य, प्राध्यापक, पालक आणि माजी विद्यार्थी यांनी आता तितक्याच निष्ठेने उचलावी, अशी विनंती या निमित्ताने विद्यापीठ परिवारातील सर्वांना आहे.